गोळी लपवून ठेवावी लागते तेव्हा
सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविर या एचआयव्ही-प्रतिबंधक इंजेक्शनवरचा लेख वाचला. अमेरिकेत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर किंमत, आणि २०२७ पासून हैदराबादच्या कंपन्या तेच ४० डॉलरला १२० देशांत देणार! मग ज्या ब्राझीलमध्ये चाचण्या झाल्या, तो देश त्या यादीत का नाही? हे फार लागलं मनाला.

मी निपाणीची. आमच्या गल्लीत विड्या वळणारी एक बाई आहे, नवरा ट्रकवर. रोजच्या प्रतिबंधक गोळ्यांची डबी ती तांदळात पुरून ठेवायची. सासूच्या हाताला लागली, ‘तुला कसला रोग झालाय?’ म्हणून घर डोक्यावर घेतलं, आणि गोळ्या कायमच्या सुटल्या. तिला वर्षातनं दोनदाच सुया घेणं किती सोयीचं! सरकारी दवाखान्यात फुकट द्या, आणि माहितीपत्रक कन्नडबरोबर मराठीतही छापा. तिला मराठीच वाचता येतं.