गोदाम पुण्यात, पूर शिरोळात

पूर-मदतीच्या आराखड्यावरच्या या लेखात म्हटलंय की संस्थांनी पुण्यात मोठं गोदाम भरून ठेवावं, म्हणजे पूर आला की 24 तासांत मदतीचे किट सांगली-कोल्हापुरात पोहोचतील. कुठल्या रस्त्याने? ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूरजवळच्या शिरोलीपाशी पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली होता, ट्रकच्या रांगा लागलेल्या. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. माल रस्ता तुटतो त्याच्या अलीकडे, म्हणजे सांगली-कोल्हापूरच्या बाजूलाच ठेवायचा असतो, आणि तोही जूनमध्येच. त्याहून सोपं म्हणजे मिरज, जयसिंगपूरच्या घाऊक किराणा व्यापाऱ्यांशी आधीच भाव ठरवून ठेवा: सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 40 फुटांची इशारा पातळी गाठली की माल उचलायचा, कोणाच्या मंजुरीची वाट बघायची नाही. धोका पातळी 45 फूट, म्हणजे हाताशी फार वेळ नसतो. (2019 ला पाणी 57 च्या वर गेलं होतं.)

दुसरं, आराखड्यात जनावरांचा शब्दही नाही. मी तेव्हा मिरजेकडच्या एका छावणीत वाटपाला होते. माणसं वेळेत का निघाली नाहीत, तर म्हशी कुठे न्यायच्या म्हणून. वैरण मिळायला किती दिवस गेले! आणि तोवर आमच्याकडे जुन्या कपड्यांचा ढीग छताला लागलेला, त्यात लग्नातले कोट आणि टिकल्यांच्या साड्या. एक आजी साखरेच्या (मधुमेहाच्या) गोळ्या मागत होत्या, त्या मात्र कुठल्याच किटमध्ये नव्हत्या.