बायबलचा तास पुरेसा नाही

ख्रिस्ती शाळेत ख्रिस्ती विश्वदृष्टी, म्हणजे श्रद्धेतून जगाकडे पाहण्याची दृष्टी, केवळ बायबलच्या तासातून नव्हे तर प्रत्येक विषयाच्या अध्यापनातून घडावी, हे एका लेखातील म्हणणे मला मनापासून पटते. सकाळी प्रार्थना घेऊन दिवसभर गुणांचीच शर्यत चालू ठेवली, तर मुले शर्यतच शिकतात. नापास झालेल्या मुलाशी शिक्षक ज्या सुरात बोलतात, त्यावरूनच मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे ही शिकवण वर्गाला खरी किंवा पोकळ वाटते. खगोलशास्त्रज्ञ केप्लर यांचे ग्रहगतीचे नियम शिकवताना, सृष्टीतील सुव्यवस्था निर्मात्याची आहे या श्रद्धेने ते आकाशाचा अभ्यास करीत होते, हेही सांगावे. इतिहासात मात्र प्रामाणिकपणा हवा: 1807 साली ब्रिटिश संसदेत गुलामांच्या व्यापारावर बंदी आणण्यासाठी झगडणारे ख्रिस्ती खासदार विल्बरफोर्स यांच्याविषयी शिकवताना, बायबलचाच आधार घेऊन गुलामगिरीचे समर्थन करणारे ख्रिस्ती लोकही होते, हे विद्यार्थ्यांपासून लपवू नये.