गावात राहून चित्रकार होता येत नाही, म्हणे!

दहावी-बारावीचे निकाल लागले की विदर्भातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: खेड्यात चित्रकला शिकायची सोय नाही. जे मोठे झाले ते गाव सोडूनच झाले. रझा बघा, बी. प्रभा बघा. गावातलं भिंतीवरचं काम म्हणजे निव्वळ मजुरी, कला नव्हे. जे थोडंफार काम होतं ते फ्लेक्सनं खाल्लं. आणि भिंतीवरचं चित्र एका पावसाळ्यात धुऊन जातं. तेव्हा पोराला गुमान आयटीआयला घाला.

आयटीआयला घालायला हरकत काहीच नाही. तिथं 'पेंटर जनरल' नावाचा ट्रेडही असतो, हे लिहिणाऱ्याच्या गावी नसावं. मी ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाची पदविका) करून वर्धा-हिंगणघाटकडच्या गावांत भिंती रंगवतो, त्यावर घर चालतं, म्हणून हे उत्तर.

शिक्षणाचा मुद्दा लगेच निकालात निघतो. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा तालुक्याच्या शाळांतली पोरंही देतात. अडचण आहे ती चित्रकलेचा शिक्षक नसलेल्या शाळांची. तो प्रश्न खराच आहे, पण मजकुरात त्याबद्दल चकार शब्द नाही.

आता रझा आणि प्रभा. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेआधी ते १९३९ पासून नागपूरच्या कलाशाळेत शिकले. बी. प्रभा तर आपल्याच, उमरेड तालुक्यातल्या बेल्याच्या, जन्म १९३३. त्याही आधी नागपूरला शिकल्या, मग जे. जे.मध्ये. तिथं त्यांनी घेतलेल्या पदविकेत भित्तिचित्रण हा विषय होता, हे मात्र मजकूर लिहिणारा खुबीनं गाळतो. दोघांनीही विदर्भ सोडला, हे कबूल. पण का सोडला? त्यांची चित्रं विकत घेणारा माणूस तेव्हा मुंबईत होता. प्रभाताईंची सुरुवातीची चित्रं घेणाऱ्यांत होमी भाभा होते, पुढे एअर इंडिया होती. हिंगणघाटच्या बाजारात कोण घेणार होतं? कॅनव्हासचं गिऱ्हाईक जिथं असेल तिथं चित्रकाराला जावं लागतं. भिंतीचं तसं नाही. शाळेची भिंत गावात आहे, तिचा मालक गावात आहे, ती उचलून कुणी दादरला नेणार नाही. म्हणून या दोघांच्या उदाहरणावरून भिंतीच्या धंद्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आणि गाव सोडलेल्या प्रभाताईंनी आयुष्यभर रंगवलं काय? खेड्यापाड्यातल्या बाया, दुष्काळ, भूक.

'मजुरी, कला नव्हे' हे वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबलं. हे लिहिणाऱ्यानं एकदा सेवाग्रामला जाऊन यावं. १९३६ मध्ये गांधीजी तिथं राहायला आले तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेननी मातीनंच उठावाची ताडाची झाडं आणि चरखा काढला. ना महागडा रंग, ना फ्रेम. बोटांनी थापलेली माती आणि वरून सारवण. देशोदेशीचे लोक ते बघायला येतात. त्याच काळात, १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी चित्रकार नंदलाल बोस यांनी ढोलकीवाले, कुंभार, दळण दळणाऱ्या बाया असली चित्रं रंगवली, ती अधिवेशनाला येणाऱ्या खेडुतांनी येता-जाता बघावीत म्हणून. आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत.

अजून मागं जायचं तर अजिंठा. तो विदर्भात नाही, मान्य. पण तिथलं सोळाव्या क्रमांकाचं लेणं करवून घेणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. वराहदेवाचं नाव शिलालेखात आहे. भिंत लिंपून तिच्यावर रेघ ओढणाऱ्यांची नावं कुठंच नाहीत. दीड हजार वर्षांत एवढंच बदललं की आता वराहदेवाच्या जागी 'सौजन्य' लिहून सरपंच, उपसरपंच आणि सदस्यांची नावं येतात, तीही पेंटरच्याच हातानं.

फ्लेक्सचं म्हणणं मात्र निम्मं खरं आहे. दुकानाच्या पाट्या, वाढदिवसाचे बोर्ड, लग्नाच्या कमानी गेल्या त्या गेल्याच. अक्षर चांगलं एवढ्याच जोरावर जगणारे कितीतरी पेंटर त्यात बसले. पण भिंत फ्लेक्सला गेली नाही. शाळा-अंगणवाड्यांच्या बोलक्या भिंती आहेत: बाराखडी, पाढे, सूर्यमाला, महाराष्ट्राचा नकाशा. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं तेव्हापासून घोषवाक्यं लिहून घेणं प्रत्येक ग्रामपंचायतीच्या अंगवळणी पडलं. देवळांवर तुकडोजी महाराजांच्या ओव्या आहेत, बियाणं आणि सिमेंटच्या जाहिराती आहेत. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी, मग गणपती, देवी. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजकडे झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातली, नाटकं सुरू होतात, तिथं जंगल, राजवाडा, देऊळ असे रंगवलेले पडदे लागतात. निवडणूक जवळ आली की पुढाऱ्यांची नावं भिंतीवर लिहायला पेंटर लागतो आणि आचारसंहिता लागली की तीच पुसायला पुन्हा तोच लागतो. हे एकमेव काम ज्यात दोन्ही बाजूंनी पैसे मिळतात.

'पावसात धुऊन जातं' हे तर धंद्यातलं काहीही न कळणाऱ्याचं वाक्य आहे. चित्र पावसानं जात नाही, खालच्या तयारीत चोरी केली म्हणून जातं. भिंत बघायला गेलो की मी आधी तिच्यावरून तळहात फिरवतो. हात पांढरा झाला तर जुना चुना सुटलाय. त्याच्यावर कितीही भारी रंग मारा, चुन्यासकट पोपडा होऊन खाली येणार. तो खरवडायचा, भेगा भरायच्या, प्रायमर मारायचा आणि मग बाहेरच्या भिंतीचं इमल्शन. डिस्टेंपर बाहेर चालत नाही, तरी स्वस्त म्हणून लोक तेच आणून ठेवतात. नवं प्लास्टर असेल तर महिनाभर हात लावायचा नाही, नाहीतर सिमेंटातला क्षार रंग खातो. जमिनीलगत दोन फूट चित्र काढायचंच नाही. तिथं खार फुटतो, पावसात काळ्या मातीचे शिंतोडे उडतात. आपल्या आज्या घराला खाली गेरूचा पट्टा द्यायच्या तो शोभेपुरता नव्हता.

रंग निवडतानाही तेच. गुलाबी, जांभळे स्वस्त स्टेनर (रंगात मिसळायचे गडद रंग) आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात आधी उडतात. गेरू, पिवळी माती, काजळी टिकतात, आणि अजिंठ्यातही हेच रंग आहेत. एवढं सांभाळलं तर शाळेची भिंत चार-पाच पावसाळे सहज काढते. फ्लेक्स तेवढ्यात किती वेळा फाटतो, ते चौकात उभं राहून बघावं.

मग एवढं सगळं असून पोरं हा धंदा सोडतात कशाला? कारण मजकुरात नाही तिथं आहे. १० बाय २० ची भिंत म्हणजे २०० चौरस फूट. रंगाच्या दोन हातांना, म्हणजे दोन थरांना, तीन-चार लिटर इमल्शन लागतं, त्याआधी खरवडणं, भरणं, प्रायमर, आणि मग गेरूत बुडवलेल्या दोऱ्यानं चौकोन पाडून चित्र. पंचायतीच्या अंदाजपत्रकात हे सगळं 'रंगकाम' या एका ओळीत बसवतात आणि दर चुना मारण्याचा लावतात. एका गावात तर सरपंचांनी मला सरळ विचारलं, "पेंटर भाऊ, कलर त आमचाच हाय, मंग येवढे पैसे कायचे?" माणूस वाईट नव्हता, चहा पाजून विचारलं. बिल निघालं ते मात्र मार्च एंडिंगला.

तेव्हापासून मी कोटेशनच तीन ओळींचं देतो: भिंतीची तयारी, रंगाचं सामान, चित्र. तिन्हींचे दर वेगळे. चित्राचा दर त्यातल्या बारकाव्यावर. पाढ्यांचा एक, माणसांच्या चेहऱ्यांचा दुसरा. सामानाचे पैसे आधी उचल म्हणून घेतो. कोपऱ्यात माझं नाव आणि मोबाईल नंबर येणार, हेही कागदावरच लिहून घेतो. काही गावं नको म्हणतात, ती सोडतो. पण शेजारच्या गावातून जे फोन येतात ते बहुतेक त्या कोपऱ्यातल्या नंबरवरच येतात.