जिवाशी खेळ नक्की कोण करतंय? अर्थिंग-आरसीसीबीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या वाड्या-चाळींतल्या वायरिंगवरच्या माझ्या लेखात मी म्हटलं होतं की अर्थिंग नसलेल्या घरातही आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, लावा. त्याखाली एका वाचकांनी भलीमोठी प्रतिक्रिया टाकली आहे. तिच्यातलं मुख्य वाक्य जसंच्या तसं देतो: ‘अर्थिंग नसलेल्या घरात आरसीसीबी लावायला सांगणं हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे, अर्थिंगशिवाय ती चालतच नाही हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं, तुम्ही टेस्टर तरी कधी हातात धरलाय का?’ पुढे लेखातले खर्चाचे आकडे, पावसाळ्यात आरसीसीबी सारखी उडणं (ट्रिपिंग) आणि इन्व्हर्टर यांवरही आक्षेप आहेत.

साहेब, मतभेद असू द्या, पण ‘टेस्टर धरलाय का’ ही कुठली भाषा? आयटीआय मीही केलंय, वायरमनचा परवाना आहे आणि उमेदीची सगळी वर्षं पेठांतल्या लाकडी पट्ट्यांवरच्या वायरिंगमध्ये गेली. हे मिरवायची हौस नाही, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

आता ‘चालतच नाही’बद्दल. आरसीसीबीला अर्थची तार जोडायला टर्मिनलच नसतो, हे तुम्ही कधी पाहिलंच नाही का? आत एका गोल कोअरमधून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तफावत पडली की ती उडते. ३० मिलिअँपिअरची असेल तर १५ ते ३० च्या दरम्यान केव्हाही उडते. तफावत ३० ची असेल तर उडायला जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंद लागतात, १५० ची असेल तर ४० मिलिसेकंद. तफावत भिंतीतून गेली, माणसातून गेली की अर्थच्या तारेतून, याच्याशी तिला देणंघेणं नाही. टेस्टचं बटणसुद्धा अर्थशिवाय चालतं.

फरक आहे तो एवढाच: अर्थिंग असेल तर यंत्राच्या बॉडीत करंट उतरताक्षणी ती उडते. नसेल तर कुणाचा तरी हात लागल्यावर. म्हणजे झटका बसतो, पण चिकटून राहायची वेळ येत नाही. हे मूळ लेखात ठळक अक्षरांत होतं. तिथपर्यंत वाचायचे कष्ट घेतले असते तर निम्मी प्रतिक्रिया लिहावीच लागली नसती.

उलट बाजूने बघा. तुमचं म्हणणं, आधी नुसतं अर्थिंग करा, बाकी मग. जुन्या घरांत मीटरला बहुधा फेज-न्यूट्रल दोनच तारा येतात, अर्थ आपला आपण करायचा. समजा अर्थिंगचा खड्डा उत्तम जमला, जमिनीशी रोध १० ओहम आला. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचं अर्थिंग ५ ओहम धरा. फ्रिजच्या बॉडीला फेज चिकटला की करंट २३० भागिले १५, म्हणजे सुमारे १५ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) हा करंट दिवसभर खुशाल वाहून नेते. तिला झटकन पाडायला ती बी कर्व्ह नावाच्या प्रकारातली असेल तर ४८ ते ८० अँपिअर लागतात, सी असेल तर ८० ते १६०. दरम्यान फ्रिजचं हँडल जमिनीच्या तुलनेत दीडशे व्होल्टवर! जुना किटकॅट (चिनी मातीचा, तार भरायचा फ्यूज) असेल आणि त्यात कुणी जाड तार भरली असेल, तर विचारूच नका. याच खड्ड्याला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी जोड द्या. खड्डा १०० ओहमचा निघाला तरी बॉडीवर ३ व्होल्टच्या वर काही टिकत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात, फरसबंद चौकात, घरमालक-भाडेकरूंच्या भांडणात १० ओहम कुठून आणणार आहात?

अर्थिंग नको असं मी कुठेच म्हटलेलं नाही. घरमालकाची परवानगी मिळाली की ३८ मिमीचा, अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप इमारतीच्या पायापासून दीड मीटर लांब गाडा आणि तिथून मजल्यापर्यंत अर्थची तार वेगळी वर न्या. नळाच्या पाइपला जोडू नका, मध्ये कुठे पीव्हीसीचा तुकडा टाकलाय हे कुणालाच ठाऊक नसतं. पण परवानगी येईपर्यंत मेनच्या एमसीबीनंतर दोन-तीन हजारांची दोन पोलची, ४० अँपिअरची आरसीसीबी का नको?

‘अर्थिंग हवंच’ असा हट्ट धरला की तिसऱ्या मजल्यावर काय होतं तेही सांगतो. वायरमन सॉकेट उघडतो आणि न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला इंचभर तारेचा तुकडा मारतो. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर ‘सगळं बरोबर’ दाखवतो, गिऱ्हाईक खूश. मग कधीतरी न्यूट्रल सुटतो आणि मशीन चालू असेल तर तिची बॉडी सरळ फेजवर येते. म्हणूनच न्यूट्रलवरचा किटकॅट काढून लिंक (न वितळणारी धातूची पट्टी) टाकणं हे लेखातलं पहिलं काम होतं. तो वितळला की दिवे बंद दिसतात आणि तारा जिवंत असतात. तुम्ही यावर अवाक्षर काढलेलं नाही.

लेखातले खर्चाचे आकडे पुण्याचे आहेत, तालुक्याच्या गावी मजुरी स्वस्त असते. मान्य.

पावसाळ्यात ट्रिप होते म्हणून लोक बायपास करतात, हेही खरं, पण तो दोष वायरचा. रबरी वायरचं कातडं सुकून तडकलेलं असतं, ओल लागली की गळती सुरू होते. सगळ्या एमसीबी पाडूनही आरसीसीबी उडत असेल तर बुचकळ्यात पडू नका. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल ओल्या भिंतीला लागलेलाच असतो. न्यूट्रल बारवरून (सगळ्या न्यूट्रल तारा जिथे जोडतात ती पट्टी) एकेक तार सोडून बघा. आणि एक हमखास चूक: आरसीसीबीच्या पुढचा न्यूट्रल मागच्या, म्हणजे आरसीसीबीच्या आधीच्या, बारला जोडलेला. तसं असेल तर उन्हाळ्यातही भार टाकला की उडणारच.

इन्व्हर्टर हा वेगळा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा तुमच्या घराचे आकडे घेऊन या. सगळे प्लग काढून, बल्ब उतरवून, मेन बंद करून ५०० व्होल्टच्या मेगरने (तारांच्या इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजा. १ मेगओहमच्या खाली काही आलं तर कुठल्या खोलीत, तेही लिहा. मग बोलू.