सरकारी पिस्तुलाची सोडत

महाराष्ट्रात कुठे गोळीबार झाला की दोन-चार दिवसांत अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या फोनवर एक प्रश्न येऊन पडतो: ‘तुमच्याकडे सरकारच लष्कराची पिस्तुलं लोकांना टपालानं विकतं म्हणे?’ फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात गोळ्या झाडल्या गेल्या आणि आठवडाभरात दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना एका माजी नगरसेवकाचा खून झाला, तेव्हा हा प्रश्न आला. बीड जिल्ह्यातले बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने चर्चेत आले तेव्हाही आला. विचारणाऱ्याचं मत आधीच ठरलेलं असतं. एकाला म्हणायचं असतं, बघा, तिकडे साध्या माणसालाही शस्त्र मिळतं, इथे फक्त पुढाऱ्यांच्या गोतावळ्याला. दुसरा म्हणतो, म्हणूनच तिकडे शाळांमध्ये पोरं मरतात.

विक्री खरी आहे. टपालही खरं आहे, पण टपालानं जातो तो अर्ज. पिस्तूल घरपोच येत नाही.

हे काम करणाऱ्या संस्थेचं नाव सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, बोलताना सीएमपी. तिचं मूळ १९०३ सालचं: नागरिकांना नेमबाजी येत असेल तर युद्धात उपयोगी पडतील, हा हिशेब. १९९६ पर्यंत हे लष्कराचंच खातं होतं, मग संसदेनं कायदा करून त्याची ना-नफा संस्था केली. ओहायोतल्या कॅम्प पेरी आणि अलाबामातल्या अ‍ॅनिस्टन या तिच्या दोन मुख्य जागा. जुन्या रायफली विकायच्या आणि त्या पैशातून मुलांना नेमबाजी शिकवायची, असा तिचा संसार. पिस्तुलं मात्र तिला विकता येत नव्हती. अ‍ॅनिस्टनच्या लष्करी डेपोत एम १९११ जातीची सुमारे एक लाख पिस्तुलं पडून होती आणि ती नुसती सांभाळायला नगामागे वर्षाला दोनेक डॉलर जात होते. अ‍ॅनिस्टन ज्यांच्या मतदारसंघात येतं त्या खासदार माइक रॉजर्स यांनी हा विषय लावून धरला. २०१६ च्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात वर्षाला जास्तीत जास्त दहा हजार पिस्तुलं सीएमपीला देण्याची मुभा आली, आणि २०१८ मध्ये पहिली आठ हजार प्रत्यक्षात हाती पडली.

मागणी त्याच्या दुपटीहून जास्त. अर्ज आले एकोणीस हजारांच्या आसपास. मग काय केलं? आपल्याकडच्या माणसाला चटकन कळेल असं सांगायचं तर म्हाडासारखी सोडत काढली. ४ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०१८ या महिन्यातला टपालाचा शिक्का असलेलेच अर्ज घेतले. दुकानात विक्री नाही, ऑनलाइन नाही, हातोहात अर्ज नाही. एका माणसाचा एक अर्ज. दोन पाकिटं टाकणाऱ्याचं नाव बाद. संगणकानं प्रत्येकाला एक क्रमांक दिला आणि त्या क्रमानं फोन करत गेले: सर्व्हिस ग्रेड हवं, फील्ड की रॅक? वरच्या प्रतीचं संपलं असेल तर खालचं घ्या, नाहीतर सोडा. पहिल्या फेरीतले भाव अनुक्रमे १,०५०, ९५० आणि ८५० डॉलर. त्या वेळच्या दरानं साठ ते पंचाहत्तर हजार रुपये. पुढच्या फेऱ्यांत ते वाढले.

पाकिटातली कागदपत्रं पाहिली की ‘अमेरिकेत बंदूक किराणा दुकानात मिळते’ हे वाक्य इथे तरी लागू नाही हे कळतं. अमेरिकी नागरिकत्वाचा पुरावा, वयाचा पुरावा, सीएमपीशी संलग्न नेमबाजी क्लबचं सभासदत्व, नोटरीसमोर सही केलेला अर्ज, आणि ज्याच्याकडे पिस्तूल पाठवायचं त्या परवानाधारक विक्रेत्याच्या परवान्याची प्रत. यातली पहिलीच अट बऱ्याच मराठी घरांना बाहेर ठेवते. एच-वन-बीवाल्याला तर संघीय कायद्यानं बंदूक बाळगायचीच बंदी आहे, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर. ग्रीन कार्डवाला नेहमीच्या दुकानातून बंदूक घेऊ शकतो, पण सीएमपीकडून नाही. म्हणजे अमेरिकी पासपोर्ट आल्यावरच हा विषय सुरू होतो.

मग तपासणी, तीही दोनदा. सीएमपी स्वतः एफबीआयच्या ‘निक्स’ या खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणाऱ्या यंत्रणेत नाव तपासते. ते स्वच्छ निघालं तरच खोकं विक्रेत्याकडे रवाना होतं. तिथे ग्राहकानं समक्ष जाऊन बंदूकखरेदीचा ४४७३ क्रमांकाचा संघीय फॉर्म भरायचा आणि विक्रेत्यानं पुन्हा निक्सला विचारायचं. जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांना मिळणारा परवाना इथे चालत नाही, विक्रेता पूर्ण परवान्याचाच लागतो. न्यू जर्सीत, जिथे आपली वस्ती दाट आहे, प्रत्येक पिस्तुलासाठी राज्याचा वेगळा खरेदी-परवाना काढावा लागतो आणि तो नव्वद दिवसांत जुना होतो. सोडतीत नंबर लागला आणि परवाना पोलीस ठाण्यातच अडकला, तर पंचाईत.

आपल्या लोकांचं घोडं जिथे अडतं ती जागा म्हणजे नाव. नागरिकत्वाच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वाहन परवान्यावर मधलं नुसतं आद्याक्षर, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईचे कागद तर तीन तऱ्हांचे. निक्सचा शोध नाव आणि जन्मतारखेवर चालतो. नाव कुणाशी जुळलं की ‘डिलेड’, म्हणजे उत्तर लांबलं, असा शेरा येतो. वारंवार असं होत असेल तर एफबीआयकडे बोटांचे ठसे देऊन एक कायमचा वैयक्तिक क्रमांक मिळवता येतो आणि तो पुढे ४४७३ वर लिहायचा. दुसरी खोच गांजाच्या प्रश्नाची. राज्यात तो कायदेशीर असला तरी संघीय फॉर्मवर तो घेणारा अपात्रच, आणि खोटं उत्तर हा स्वतंत्र गुन्हा.

एवढं करून हातात येतं काय? जॉन ब्राउनिंगच्या रचनेचं, २९ मार्च १९११ रोजी लष्करानं स्वीकारलेलं, पॉइंट ४५ बोअरचं, सात गोळ्यांच्या मॅगझिनचं, रिकामं असतानाच किलोभराहून जड पिस्तूल. लष्करानं ही शेवटची १९४५ मध्ये घेतली आणि १९८५ मध्ये बेरेटा कंपनीचं पिस्तूल आणून यांना रजा दिली. म्हणजे डब्यातून निघणारा कुठलाही नग पाऊणशे वर्षांच्या पुढचाच. दुसऱ्या महायुद्धात ती सर्वांत जास्त बनवली ती रेमिंग्टन रँडनं. होय, तीच टाइपरायटरवाली. ज्या नावाच्या कळफलकावर निम्म्या महाराष्ट्रानं मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली, ते नाव या पिस्तुलाच्या स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, कोरलेलं दिसतं. मात्र स्लाइड रेमिंग्टनची आणि फ्रेम (खालचा सांगाडा) कोल्ट कंपनीची, असंही सर्रास निघतं. शस्त्रागारात दुरुस्तीला आलेली पिस्तुलं खोलून भाग एकत्र टोपलीत पडायचे आणि जुळणी हाताला येईल तशी व्हायची. अशा दुरुस्तीची खूण म्हणून फ्रेमवर शस्त्रागाराची आद्याक्षरं ठोकलेली असतात. त्याला दोष समजू नये. दोष शोधायचे ते वेगळ्या जागी.

आधी मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यानं आणि बोटानं तपासायचं. रिकामं आहे ही खात्री झाली की चाचण्या तीन. हॅमर (मागचा घोडा) चढवा, मुठीमागची सेफ्टी न दाबता ट्रिगर ओढा: हॅमर पडता कामा नये. अंगठ्याची सेफ्टी वर करून, मूठ घट्ट धरून ट्रिगर ओढा, सोडा, मग सेफ्टी खाली करा: तेव्हाही पडता कामा नये. ती खाली करतानाच हॅमर पडला तर सेफ्टी सिअरला, म्हणजे हॅमर धरून ठेवणाऱ्या तुकड्याला, नीट अडवत नाही. तिसरी, स्लाइड पाव इंच मागे धरून ट्रिगर ओढा: पडला तर डिस्कनेक्टर (स्लाइड पूर्ण बंद नसताना गोळी सुटू न देणारा भाग) झिजलाय, बंदूकमिस्त्रीकडे जा. रिकाम्या चेंबरवर स्लाइड खटकन सोडू नका, सिअरची धार त्यानंच जाते. स्लाइड पुन्हा पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग सोळा पौंडांची नवी घाला. चहापाण्याच्या खर्चात येते आणि जुनी थकलेली असली तर स्लाइड फ्रेमवर आदळत राहते. युद्धकाळातल्या स्लाइड सगळ्या पोलादभर कठीण केलेल्या नाहीत, काही भागच कठीण केलेले आहेत. म्हणून जास्त दाबाची काडतुसं वर्ज्य. २३० ग्रेन वजनाची साधी, पूर्ण आवरणाची गोळी हेच त्याचं अन्न. पोकळ टोकाची गोळी या जुन्या रॅम्पवर, म्हणजे काडतूस चेंबरकडे चढवणाऱ्या उतारावर, अडू शकते. गोळी तिरकी अडकत असेल तर आधी मॅगझिनचे ओठ (वरच्या वाकवलेल्या कडा) बघा, बहुतेक वेळा दुखणं तिथेच निघतं. आणि पृष्ठभाग चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका, मूळ करडा लेप गेला की निम्मी किंमत गेली.

आता वादाकडे. या विक्रीतली मला भावणारी गोष्ट पिस्तूल नाही, सोडत आहे. एकोणीस हजारांत सेनेटरचा मेहुणा असेल तर तोही संगणकाच्या क्रमांकाला बांधलेला. शिफारशीच्या पत्राला पाकिटात जागाच नव्हती. आपल्याकडेही सरकारनं नागरिकांना पिस्तुलं विकली आहेत, पण कशी? कस्टम्सनं जप्त केलेली विदेशी शस्त्रं खासदार आणि बड्या अधिकाऱ्यांना मिळत गेली. आयात बंद असल्यामुळे अशा पिस्तुलाला बाहेर प्रचंड भाव, आणि सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला यायचं सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ बोअरचं शस्त्र. २०१४ मध्ये कानपूरहून आलेलं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर सव्वा लाखाच्या घरात होतं.

परवान्याचंही तेच. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ पिस्तुलासाठी ‘योग्य कारण’ मागतं. कारण योग्य की नाही हे ठरवणार आयुक्तालयात पोलीस आयुक्त, जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी. कलम १४ तर स्पष्ट म्हणतं की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येणार नाही. प्रत्यक्षात बिल्डर, ठेकेदार, सराफ यांच्या कमरेला तो दिसतो आणि सालगड्याला धमकी आली तर त्याला पोलीस पाटलाकडे पाठवतात. बीडच्या यादीनं लोक चिडले ते आकड्यानं नव्हे. नावं वाचून चिडले. ‘जिवाला धोका’ हे कारण ज्यांच्यामुळे इतरांच्या जिवाला धोका, त्यांनाही पुरलं होतं.

म्हणून अमेरिकेसारखं सगळ्यांना द्या, असं म्हणणाऱ्याला मात्र पुढचा भाग ऐकवावा लागतो. खोकं विक्रेत्याच्या काउंटरवरून उचललं की संघीय कायद्याचं लक्ष संपतं. नेहमीच्या पिस्तुलासोबत विक्रेत्यानं एक कुलूप द्यायचं, ते लावायचं की खणात टाकायचं हे बऱ्याच राज्यांत मालकाची मर्जी. नूतनीकरण नाही, पुन्हा तपासणी नाही, दारू वाढली की काय हे विचारणारं कुणी नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली, त्यांतली २६,३२८ आत्महत्यांत. हा निम्म्याहून मोठा भाग घरच्या खणातला आहे, शाळेच्या दारातला नाही, आणि त्याला दोनदा केलेली निक्स तपासणी काही करू शकत नाही. शिवाय नेहमीच्या दुकानात यातला क्लबही नाही, नोटरीही नाही. तीन कामकाजाच्या दिवसांत निक्सचं उत्तर आलं नाही तर संघीय कायद्यानुसार विक्रेता बंदूक देऊ शकतो. सीएमपीचं पिस्तूल हे अमेरिकेतल्या बंदूकखरेदीचं उदाहरणच नव्हे, तो अपवाद आहे.

गंमत अशी की खरेदीनंतरचे नियम आपल्याकडे जास्त चांगले लिहिलेले आहेत. २०१६ च्या नियमांत प्रशिक्षणाचा दाखला आणि सुरक्षित साठवणुकीची हमी, दोन्ही आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनं माणशी शस्त्रं तीनवरून दोनवर आली, परवान्याची मुदत पाच वर्षं झाली, आणि वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड लागला. निवडणूक आली की शस्त्रं ठाण्यात जमा होतात, ही कल्पना अमेरिकेत सांगितली तर लोक हसतील किंवा कोर्टात जातील. तरीही दहिसरच्या प्रकरणात पिस्तूल अंगरक्षकाच्या परवान्याचं निघालं. कपाट कुणाचं, किल्ली कुणाकडे, एवढं पाहायला पाच वर्षांत एकदा तरी हवालदार घरी जातो का? विधानसभेत हे विचारायला हवं. परवाने किती, हा आकडा आपण पुष्कळ वेळा विचारून झालो.

उरला एक प्रश्न, तो निवृत्त होऊन पुण्याला परतणाऱ्यांचा: हे पिस्तूल सोबत आणता येतं का? कायमच्या वास्तव्यासाठी येणाऱ्याला परवानगीच्या बोअरचं एक शस्त्र आणता येतं. ते परदेशात किमान वर्षभर स्वतःकडे असलेलं हवं, भारतातला वैध परवाना हवा, जकात भरायची आणि पुढे ते विकायचं किंवा कुणाला द्यायचं नाही. म्हणजे आधी तेच ‘योग्य कारण’, तोच अर्ज, तीच मर्जी. विमानात बसल्यावर सुरू करायची ही प्रक्रिया नव्हे.

आणि नुसतं सुट्टीला येणाऱ्यांनी रेंजवर नेलेली पिशवी प्रवासाला घेऊच नये. घ्यायचीच असेल तर रिकामी करून, उलटी करून, अस्तराच्या शिवणीत बोट घालून बघावी. पंचेचाळीसचं एक काडतूस तिथल्या भोकातून खाली सरकतं, अमेरिकेतल्या विमानतळावर कधी कधी नजरेतून सुटतं आणि परतीच्या वेळी मुंबईच्या क्ष-किरण यंत्रावर लख्ख दिसतं. मग शस्त्र कायद्याखाली गुन्हा, चुकलेलं विमान, आणि ‘मला माहीतच नव्हतं’ हे सिद्ध करायला उच्च न्यायालय. जाणीवपूर्वक बाळगलं नसेल तर असे गुन्हे न्यायालयांनी रद्द केले आहेत. तोवर पासपोर्टावरचा व्हिसा आणि नोकरीतली रजा, दोन्ही संपलेली असतात.