नववीत फ्रेंच ठेवावं का?

लेकीच्या शाळेतून विषय निवडीचा फॉर्म आलाय. नववीत फ्रेंच चालू ठेवायचं की सोडून दुसरा विषय घ्यायचा, ते शुक्रवारपर्यंत कळवायचंय. पालकांच्या ग्रुपवर तीन दिवस एकच प्रश्न चघळला जातोय : जास्त स्कोअरिंग काय?

या प्रश्नाचा मला जरा रागच आहे, कारण याच प्रश्नापायी माझं जर्मन गेलं. तीन वर्षं शिकले होते, मार्कही झकास पडायचे. मग कोणीतरी म्हणालं, अमुक विषयात पैकीच्या पैकी मिळतात, आणि मी निमूटपणे तिकडे वळले. आज शिल्लक काय? 'स्टेशन कुठे आहे' हे मला अजूनही अस्खलित विचारता येतं. समोरचा उत्तर द्यायला लागला की मात्र मी त्याच्या हाताकडे बघते, डावीकडे दाखवतोय की उजवीकडे.

तेव्हा कोणी हा हिशेब मांडून दाखवायला हवा होता. आठवड्याला ४० मिनिटांच्या ३ तासिका म्हणजे २ तास. वर्षाचे ३६ आठवडे धरले तर ७२ तास. तीन वर्षांचे २१६, तेही बुडालेल्या तासिका न मोजता. आता भाषेची पातळी मोजायची ए१ ते सी२ अशी सहा पायऱ्यांची पट्टी असते, 'कौन्सिल ऑफ युरोप'ने २००१ मध्ये आणलेली. तिच्यात ए२ ला साधारण २०० तास आणि बी१ ला ३५० ते ४०० तास लागतात, असा ढोबळ अंदाज धरतात. म्हणजे तीन वर्षांनी पोरं नेमकी ए२ च्या आसपास उभी असतात. माझ्या मते सोडायला याहून वाईट जागा नाही. क्रियापदांची रूपं घोकण्याचा सगळा कंटाळा भोगून झालेला असतो, पण मजेखातर एक पान वाचावं इतकी भाषा अजून आलेली नसते. बी१ ला माणूस अडखळत का होईना, आपलं म्हणणं मांडतो. तिथून भाषा वापरात येते आणि वापरात आलेली भाषा सहसा जात नाही.

'झालं तेवढं पुरे, पुढेमागे लागलं तर आठवेल' असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुना अभ्यास सांगते. हॅरी बाहरिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ जणांची चाचणी प्रसिद्ध केली. त्यात कोणी नुकतंच शिकलेलं, कोणी पन्नास वर्षांपूर्वी. पहिल्या तीन ते सहा वर्षांत भराभर विस्मरण झालं. त्यानंतर जे उरलं, ते पंचवीसेक वर्षं जवळपास तसंच राहिलं. पण किती उरलं, हे मुळात किती आणि किती चांगलं शिकले यावर ठरलं. थोडक्यात आटोपलेल्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. माझं जर्मन त्यांच्याच पंगतीत.

सगळ्या भाषांना हे तास सारखे लागू नाहीत, हेही खरं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना कामापुरती जपानी यायला सुमारे २२०० तास धरतं, फ्रेंच-स्पॅनिशला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. जपानीत रोजच्या वापराच्या म्हणून ठरवलेल्या कांजीच (चिनीतून आलेली अक्षरचिन्हं) २१३६ आहेत. पण हे गणित इंग्रजीवाल्यांचं. आपण मराठी बोलणारे तिथे थोडे नशीबवान आहोत आणि हे मुलांना कोणी सांगतच नाही! जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि 'ला', 'ने', 'त'सारखे तुकडे नामाच्या मागे लागतात. जर्मनमध्ये 'वाइल इश म्यूडे बिन' या वाक्यात शेवटी गेलेल्या 'बिन'मुळे इंग्रजीवाले डोकं धरून बसतात. आपल्यासाठी ते शब्दाला शब्द 'कारण मी दमलेली आहे' इतकं सरळ आहे. लिंगांचाही आपल्याला धक्का बसत नाही, भांडण मात्र होतं. फ्रेंचमध्ये सूर्य पुल्लिंगी आणि चंद्र स्त्रीलिंगी, जर्मनमध्ये बरोबर उलटं, आपल्याकडे दोघेही बुवा. यावरून लेकीने माझ्याशी अख्खी संध्याकाळ वाद घातला होता. शाळेत मात्र सगळं इंग्रजीच्या चष्म्यातून शिकवतात.

सोडूच नये असं माझं म्हणणं नाही. दुसरं काही मुलाला खरोखर ओढत असेल, तर खुशाल सोडा. भाषेचा मनापासून कंटाळा असेल तरी सोडा, ओढूनताणून आणखी दोन वर्षं काढण्यात काय हशील? पण 'मॅडम कडक आहेत' किंवा 'मैत्रिणी सोडतायत' ही कारणं मला पटत नाहीत. मॅडम बदलतात. मैत्रिणी तर त्याहून लवकर. 'पुढे परदेशात उपयोग होईल' हे ठेवण्याचं कारणही तितकंच पोकळ. जर्मनमधून शिकवल्या जाणाऱ्या पदवीसाठी विद्यापीठं साधारण सी१ च्या आसपासची पातळी मागतात. शाळेतला शेरा तिथे कोणी विचारत नाही.

आणि ठेवायचं तर नुसतं तासाला बसून भागणार नाही. रोज वीस मिनिटं घरी वाचलं-ऐकलं, तर वर्षाला १२० तास होतात, शाळेपेक्षा जास्त. २१६, त्यात शाळेचे ७२ आणि घरचे १२०. एका वर्षात चारशेच्या पार, म्हणजे बी१ च्या टप्प्यात. एवढी तयारी नसेल तर मला वाटतं, स्कोअरिंगवाल्यांचंच ऐकलेलं बरं.

म्हणून मी लेकीला काहीच उपदेश केला नाही. लहान मुलांची एक फ्रेंच गोष्ट दिली आणि म्हटलं, डिक्शनरी न बघता पहिली दोन पानं वाच, परीक्षा नाही. अर्ध्या तासाने तणतणत आली. "आई, यातला भूतकाळ आम्हाला शिकवलेलाच नाही!" खरंच होतं. फ्रेंच गोष्टींमध्ये 'पासे सँप्ल' नावाचा वेगळाच भूतकाळ असतो. तो बोलण्यात जवळपास येत नाही, म्हणून शाळेत सुरुवातीला शिकवत नाहीत. मला वाटलं, झालं, आता पुस्तक भिरकावणार. तर बाईसाहेब त्या क्रियापदांची यादी करत बसल्या.

फॉर्मवर अजून टिक नाही. काल रात्री मात्र ती मला 'फ्यू' आणि 'एते' यांतला फरक समजावत होती. दोन्हींचा अर्थ 'होता' आणि तरी दोन्ही वेगळे. मला काही तो कळला नाही. आज पुन्हा समजावणार आहे म्हणाली.