एकूण एक बदल? नाही हो!

"एकदा फोल्डरवर लक्ष ठेवायला सांगितलं की आतला एकूण एक बदल कळतो" हे फायलींमधल्या बदलांवर प्रोग्रामने नजर ठेवण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य लिनक्सपुरतं तरी खरं नाही. तिथलं आयनोटिफाय, म्हणजे फायलींमधले बदल प्रोग्रामला कळवणारी सोय, त्या एका फोल्डरपुरतंच बघतं. पोटातल्या प्रत्येक फोल्डरवर वेगळा वॉच (लक्ष ठेवण्याची नोंद) लावावा लागतो आणि त्यांच्या संख्येला मर्यादा असते, जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) डीफॉल्ट ८,१९२. ती संपली तेव्हा मला एरर आली, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्क अर्धी रिकामी! अख्खी दुपार जुन्या फायली पुसण्यात गेली. दोष डिस्कचा नव्हताच.

दुसरी गंमत एडिटरची. मी एकाच कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलवर वॉच लावला होता. पहिल्या सेव्हला सूचना आली, नंतर चिडीचूप. बरेच एडिटर नवी फाइल लिहून तिला जुनीचं नाव देतात, त्यामुळे आपला वॉच जुन्या फाइलबरोबरच जातो. तेव्हापासून मी फाइलवर नाही, तिच्या फोल्डरवर लावतो आणि नावाने गाळून घेतो. आणि एनएफएसवरच्या, म्हणजे नेटवर्कवरून अनेक मशीन्सनी वाटून घेतलेल्या, फोल्डरमध्ये दुसऱ्या मशीनने केलेले बदल? ते आयनोटिफायला दिसतच नाहीत. तिथे दर काही सेकंदांनी स्वतः जाऊन बघणं आलंच.